खुर्द्याच्या कवड्या

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तुळजापूरच्या एका दुकानात मी उंबऱ्यापाशी पंधरा दिवस बसून काढले, घटस्थापनेपासून पौर्णिमेपर्यंत. काम काय केलं असं कुणी विचारलं तर मी ‘बसलो’ असंच सांगतो. बसून माणूस किती दमतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला पुढचं काही समजावून सांगण्यात अर्थ नाही.

दुकान मोठं होतं. एका अंगाला किराणा, दुसऱ्या अंगाला देवीचं सामान: हळद-कुंकू, खण, नारळ, परड्या, कवड्यांच्या माळा. आत दोन माणसं माल काढायला आणि तोलायला. गिऱ्हाइकानं सगळं घेऊन दारापाशी माझ्यासमोर यायचं, आतल्या माणसानं आतूनच ओरडून भाव सांगायचा, मी तोंडी बेरीज करायची, पैसे घ्यायचे, उरलेले द्यायचे आणि मान हलवायची. मान हलली की माल बाहेर. आता शहरात मोठमोठ्या दुकानांच्या दारापाशी मुली बसतात, त्यांच्यापुढे यंत्र असतं. माझ्यापुढे गल्ल्याची लाकडी पेटी होती आणि खांद्यावर एक डोकं होतं, ते दुपारनंतर फारसं चालत नसे.

मी हौसेनं गेलो नव्हतो. ईट गावाच्या बाजूला आमची थोडी जमीन, आणि तिच्यावर दोन थोरले भाऊ. तिथं तिसऱ्या माणसानं बांधावर उभं राहून सावली तेवढी पाडायची. मी उर्दू शाळेत चार बुकं शिकलेलो, म्हणून शेतात हात घातला की भाऊ हसायचे. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, मुलगी झाली, मुलगी आठ महिन्यांची झाली, तरी बायको माहेरीच. सासरे मोठे सरळ माणूस. ते म्हणाले होते, “जावईबापू, राग धरू नका. तुमी कुठंतरी कायम लागा, एक खोली घ्या, मग लेक धाडतो. भावांच्या चुलीवर माझ्या लेकीनं किती दिस काडायचे?” राग आला होता, पण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. मुलीला मी तोवर दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी ती मला बघून रडली.

म्हणून ही नोकरी मला हवी होती. दुकानाचे मालक लिंगायत, वयस्कर, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं हळू. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, “पाव्हणं, नवरात्रात सगळेच माणसं ठिवतेत आन् पुनव झाली की काडतेत. म्या तसं करत न्हाय. पंधरा दिस बसा. पुनवेच्या दुसऱ्या दिशी गल्ला जुळला तर कायम. न्हाय जुळला तर राग धरू नका.” राग धरू नका हे मला जो तो सांगत होता.

पहिले दोन दिवस मी माणसांकडे बघायचो. कुठले, कोण, बरोबर किती लेकरं. तिसऱ्या दिवसापासून ते सुटलं. मांडी घालून बसल्यानं कमरेखालचं अंग आपलं राहत नाही. मुंग्या येतात, मग त्याही येत नाहीत. समोर एकामागून एक माणूस उभा, आणि मी खाली बसलेला. त्याच्या तोंडाकडे बघायचं तर प्रत्येक वेळी मान वर करावी लागते. दिवसातून पाचशेदा मान वर करून बघा म्हणजे कळेल. मी बघणं टाकलं. मला फक्त हात दिसायचे. कुंकवानं लाल झालेले, चुन्यानं उललेले, एखादा अंगठीवाला. हात पुढं आला की बेरीज सांगायची, पैसे घ्यायचे, पुढचा हात.

त्यात नाण्यांचा घोळ. आमच्या निजामी मुलखात हाली रुपया चाले, चारमिनारचं चित्र असलेला. सोलापूरकडची माणसं इंग्रजी मुलखातली, ती कलदार रुपया घेऊन यायची. कलदार वजनदार, सहा कलदाराला ढोबळमानानं सात हाली. म्हणजे बेरीज हालीत करायची, घेताना कलदार घ्यायचा, मनात त्याचा हाली करायचा, आणि उरलेले परत हालीत मोजायचे. तोवर त्या माणसाची बायको म्हणणार, “आणखी एक नारळ घ्या हो.” मी उर्दूत शिकलेलो, आकडे मनात उर्दूत जुळायचे, तोंडातून मराठी निघायचे, आणि आतून आप्पा नाणी मोजत कानडीत पुटपुटायचे, “ओंदु, एरडु, मूरु.” रात्री डोळे मिटले की तिन्ही भाषांतले आकडे एकदम चालून यायचे.

दसऱ्यानंतर देवी पाच दिवस निद्रेला जाते. देवळात ती पलंगावर झोपलेली असते, आणि पौर्णिमेला उठते. आमचा तोलणारा म्हातारा गमत्या होता. गिऱ्हाइकाला माप घालताना एक म्हणायच्या जागी ‘लाभ’ म्हणायचा रिवाज तो मोठ्या आवाजात पाळायचा. तो मला म्हणाला, “राक्षस मारून आई दमली, झोपली. आपण काय मारलं न्हाय म्हून आपल्याला झोप न्हाय.” मी हसलो असेन. नक्की सांगता येत नाही.

आता कवड्यांचं. लढाईमुळे खुर्दा, म्हणजे सुटे पैसे, बाजारातून नाहीसा झाला होता. तांब्याची नाणी कुठं गेली देव जाणे. कुणी म्हणे लोकांनी पुरून ठेवली, कुणी म्हणे तोफा करायला गेली. गिऱ्हाईक आणेल्या काढायचं आणि पाच पै परत मागायचं, आणि माझ्या गल्ल्यात पै नसायची. सगळ्याच दुकानदारांनी काही ना काही युक्ती काढली होती. कुणी सुपारीची खांडं देई, कुणी गुळाचा खडा. आमच्या आप्पांकडे माळांसाठी आणलेल्या कवड्यांचं पोतं होतं. त्यांनी एकेका कवडीच्या पाठीवर लाखेचा लाल ठिपका दिला आणि माझ्या पेटीत ओतल्या. एक कवडी म्हणजे एक पै. गावातल्या माणसानं ठिपक्याची कवडी परत आणली की पैचा माल द्यायचा.

युक्ती नामी होती, आणि तिचं गुपित दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. यात्रेकरू कवडी परत आणतच नव्हते. तुळजापूरची कवडी म्हणजे त्यांना प्रसाद. पै गेल्याचं दुःख नाही. उलट कपाळाला लावून पदरात बांधून घ्यायचे. एक म्हातारा माझ्यापाशी भांडला, की त्याला चारच कवड्या का, शेजाऱ्याला सहा दिल्या. आप्पा आतून हे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

कवड्या परत आणणारी यात्रेतली एकच बाई मला ठाऊक होती, म्हणजे तिचा हात ठाऊक होता. काळा, सुकलेला, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला. ती आराधीण होती. देवीची माळ गळ्यात घातलेली, परडी घेऊन दारोदार जोगवा मागणारी. इतर वर्षी यात्रेत परडीत पैसा-पै पडत असे. त्या वर्षी लोकांजवळ टाकायला पैच नव्हती. मग कुणीकुणी आमची ठिपक्याची कवडी परडीत टाकायचे. ती संध्याकाळी तीन-चार कवड्या घेऊन यायची, फुटाणे घेऊन जायची. काही बोलायची नाही. मीही बोललो नाही. हातावरून मी तिला म्हातारी ठरवून टाकलं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून अशी गर्दी उसळली की दुकानाच्या पायऱ्या दिसेनात. सोलापूरची माणसं रात्रभर चालून आलेली, पाय सुजलेले, आवाज बसलेले, आणि सगळ्यांना एकाच वेळी नारळ हवा. मी पाणी प्यालो नाही, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मनात एकच होतं: आजचा दिवस गेला की झालं. उद्या गल्ला जुळला की खोली, बायको, मुलगी.

तेव्हा तो गोंदलेला हात पुढं आला. या वेळी मूठ नव्हती, ओंजळ होती. समोरच्या फळीवर तिनं कवड्यांचा ढीग ओतला. आतून म्हाताऱ्यानं भाव ओरडून सांगितला, ज्वारी, गूळ, फुटाणे. मी चार-चार कवड्यांचे गंडे करून मोजायला लागलो. चौदा गंडे झाले. छप्पन्न पै, म्हणजे चार आणे आठ पै. माल तेवढ्याचाच होता.

इथं मला खरं सांगायला हवं. डोळ्यांनी मी बघितलं नाही, ते तर बारा दिवसांपासून मिटल्यातच जमा होते. पण बोटांना कळलं होतं. नव्या कवडीला एक खरखर असते. या गुळगुळीत होत्या, तेलकट होत्या. प्रत्येकीला भोक होतं. लाखेचा ठिपका बोटाला लागतो, तो एकीलाही लागला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “आटपा की हो, उन्हात लेकरू मरतंय.” मी कवड्या पेटीत लोटल्या आणि मान हलवली. हात गेला, दुसरा आला.

आप्पा दिवेलागणीनंतर पेटीला हात लावत नसत. लक्ष्मी त्या वेळी मोजायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ते गल्ला घेऊन बसले. मी समोर. हाली वेगळे, कलदार वेगळे, कवड्या वेगळ्या. नाणी जुळली. पंधरा दिवसांची नाणी पैला पै जुळली, आणि माझ्या छातीत इतकं हलकं वाटलं की मला तिथंच आडवं व्हावंसं वाटलं. मग आप्पांचा हात कवड्यांत थांबला. त्यांनी एक उचलली, फिरवून बघितली, दुसरी उचलली. तोलणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्यानं कवडी डोळ्यांजवळ नेली आणि एकदम दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

“आप्पा, ही माळ हाय,” तो म्हणाला. “गळ्यातली. कुकू बगा की फटीत.”

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. ओरडले नाहीत. “पाव्हणं, आमी शिवाचे माणसं. आमच्या गळ्यात लिंग. पण ह्या गावात आईच्या जिवावर खातो. तिची माळ मोडून माझ्या गल्ल्यात पडली?” मग म्हणाले, “एकदा घातलेली माळ आराधी मरंस्तवर काडत न्हाईत, ठाव हाय न्हवं?”

मला ठाऊक होतं. त्या मुलखात कुणाला ठाऊक नाही? त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं की चालतं ते कवडीमुळे नव्हे, लाखेच्या ठिपक्यामुळे. तिनं रोज बघितलं होतं की या दुकानात कवडी दिली की खायला मिळतं. मग तिच्या गळ्यात छप्पन्न पै होत्या. यात तिचं काय चुकलं?

कवड्या कुणी दिल्या ते मी सांगितलं. “जा, हुडका तिला,” आप्पा म्हणाले. “परत द्या. मालाचं काय मागू नका.”

त्यांनी कवड्या एका कोऱ्या फडक्यात बांधून दिल्या. मी निघालो. पाय नीट पडत नव्हते, पंधरा दिवसांनी मी प्रथमच उतारावरून चालत होतो. यात्रा उठत होती. बैलगाड्या जुंपल्या जात होत्या, जिकडे तिकडे नारळाच्या शेंड्या आणि पत्रावळी. मी बायकांचे हात बघत हिंडलो. लाज वाटण्यासारखीच गोष्ट, पण तोंडावरून मी तिला ओळखणार कसा?

देवळाच्या पायऱ्यांच्या कडेला तो हात सापडला. तीन-चार वर्षांची एक पोर मांडीवर झोपली होती, आणि तो हात तिच्या डोक्यावरून फिरत होता. मी मान वर केली. बाई म्हातारी नव्हती. माझ्या बायकोहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. गळ्याभोवती कातडीचा एक पट्टा उजळ होता, तिथं वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं.

मला बघून ती घाबरली. पोरीला छातीशी धरून अर्धी उठली.

“म्या मोजून दिल्या व्हत्या, दादा,” ती म्हणाली. “कमी भरल्या का?”

“नाही. कमी नाही भरल्या.”

“मग? फुटाणं खाल्लं की आमी. जवारी हाय थोडी.”

“जवारी राहू द्या. या तुमच्या परत घ्या. दुकानात या चालत नाहीत.”

तिनं फडक्याकडे बघितलं, हात पुढं केला नाही. “रोज चालत व्हत्या की.”

मी तिला ठिपक्याचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलं, आणि एकही शब्द खोटा नव्हता.

“आता परत घिऊन काय करू?” ती म्हणाली. “ववून गळ्यात घातली की झाली माळ, आसं आसतंय व्हय? गुरू लागतो. पाच आराधी जेवाया घालावं लागतेत. माज्या आयनं घातली व्हती तवा बकरं इकलं व्हतं.” मग पोरीकडे बघत म्हणाली, “हिला दोन दिस ताप व्हता. तापातनं उठली आन् खायाला मागाया लागली. म्या आईला म्हनलं, तूच दिलीया, तूच घे. आन् काडली.”

मी म्हणालो, “तुम्ही एकदा विचारायचं तरी.”

“भुकंचं कुनाला इचारू? म्या तर तुमच्याच म्होरं वतल्या, दादा. लपवून न्हाय दिल्या. तुमी बगून ‘न्हाय चालत’ म्हनला आसता, तर तशाच वटीत घिऊन गेले आसते. तवा दोरा बी हातात व्हता. कुना आराधीच्या पाया पडून तितंच ववून घेतल्या आसत्या.”

ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी तिनं फडकं घेतलं, कपाळाला लावलं आणि परडीत ठेवलं. मी खिशात हात घातला तर एक आणेली होती. ती परडीत टाकली. तिनं नियमाप्रमाणे माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या लेकराबाळांना औक्ष मागितलं. मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना मी ठरवून टाकलं होतं की नोकरी गेली. खरं सांगतो, ती जावी असंच वाटत होतं. गेली असती तर फिटंफाट झाल्यासारखं वाटलं असतं. ईटची वाट धरली असती, भावांचं हसू सोसलं असतं, सासऱ्यांना तोंड दाखवायचं टाळलं असतं.

आप्पांना मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बोटांना कळलं होतं हेही सांगितलं. ते ऐकत होते आणि उरलेल्या कवड्या पोत्यात भरत होते. त्या दिवसापासून त्यांनी खुर्द्यात कवडी देणं बंद केलं, सुपारी सुरू केली. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर म्हणाले, “चूक दुकानाची. ठिपक्याचं कुनाला सांगितलंच न्हाय आपण. तुमचा गल्ला जुळला. उद्यापासून कायम या.”

“आप्पा, मी बघितलं असतं तर...”

“बघितलं आसतं तर मागची दोनशे मानसं उन्हात उबी राहिली आसती,” ते म्हणाले. “तुमच्या आदी दोघं बसवून बघितले म्या. एक बायांची त्वांडं बघायचा. दुसरा हरेकाची कहाणी ऐकायचा, आन् एक-एक पै सोडून द्यायचा. तुमी कुनाकडं बघत न्हाय, इचारत न्हाय, थांबत न्हाय. लई नामी गुण हाय. गल्ल्यावर आसाच मानूस लागतो.”

त्यांनी हे मनापासून, कौतुकानं म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं. एवढ्यासाठी कुणी माझं कौतुक यापूर्वी केलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही मला खोडून काढता येईना. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग खोलीचं आठवलं, मला बघून रडणारी मुलगी आठवली, आणि मी म्हणालो, “बरं, आप्पा. येतो.”

आठवड्याभरात खोली मिळाली. सासरे स्वतः गाडीतून बायकोला आणि मुलीला सोडायला आले. दोन भाकऱ्या खाऊन, खोलीच्या भिंतीवर हात फिरवून, समाधानानं परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बायकोनं विचारलं, “एवढ्या लोकांतून तुमालाच कसं काय ठिवून घेतलं ओ?”

“माझा हिशेब चुकला नाही,” मी म्हणालो.

तिचा चेहरा फुलला. मुलीला कडेवर घेऊन ती दारात गेली आणि शेजारच्या बाईला तिनं ते सांगितलं. बाईला नीट ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. मला उठून तिला गप्प करावंसं वाटलं, सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण दुकान उघडायची वेळ झाली होती. मी टोपी घातली आणि निघालो.